हातोडा पडण्याआधीचा खर्च

आमच्या फ्लॅटचं काम काढलं, त्याच्या पहिल्याच दुपारी बाथरूमची फरशी उचलली गेली आणि खालून एक लोखंडी पाइप वर आला. वर आला म्हणजे मिस्त्रीनं हात लावला आणि त्याचा पापुद्रा हातात आला. अठ्ठावीस वर्षांचा जीआय पाइप. "साहेब, आता ही सगळी लाइनच बदलायला लागणार," तो म्हणाला. एस्टिमेटमध्ये लिहिलं होतं, 'बाथरूम टाइल्स बदलणे, दोन नग'. पाइपचा उल्लेख कुठेच नव्हता. कुणी फसवलं नव्हतं. एस्टिमेट करायला आलेल्या माणसानं फरशीवर बोटानं वाजवूनही पाहिलं नव्हतं, आणि ते करायला सांगावं एवढी अक्कल आम्हालाही नव्हती.

त्यानंतर ओळखीतल्या, नात्यातल्या, सोसायटीतल्या ज्यांनी ज्यांनी घराचं काम काढलं होतं त्यांना विचारत सुटलो. प्रत्येकाकडे तीन आकडे होते. किती लागले, किती दिवस चाललं, आणि डिझायनर असला तर त्यानं किती घेतले. लोक हे तीन वेगळे प्रश्न समजतात. ते एकाच दोरीचे तीन पदर आहेत, असं माझं मत झालं आहे. काम सुरू असताना घेतलेला प्रत्येक निर्णय महाग पडतो आणि दिवस खातो. तोच निर्णय कागदावर घेतला असता तर पेन्सिल आणि खोडरबर एवढाच खर्च होता. डिझायनरला द्यायचे पैसे हे खरं तर निर्णय आधी घेण्याचे पैसे असतात. ते तसे वसूल होतात की नाही, हा सगळा वादाचा मुद्दा.

आधी खर्चाचं पाहू. 'स्क्वेअर फुटामागे किती येतो?' हा आपल्याकडचा आवडता प्रश्न आणि बहुतेक घोळाचं मूळ. कुठला स्क्वेअर फूट? २०१६च्या रेरा कायद्यानं कार्पेटची व्याख्या बांधून दिली: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि फक्त आपल्या वापराची बाल्कनी सोडायची. पण जुन्या इमारतीत करारनाम्यावर बिल्ट-अप असतो आणि लोकांच्या तोंडी सुपर बिल्ट-अप. समजा डिझायनरनं शंभर रुपये दर सांगितला. घर कार्पेटनं ६५० असेल तर ६५,००० झाले, सुपर बिल्ट-अपनं ८५० असेल तर ८५,०००. दर एकच, वीस हजारांचा फरक, आणि दोघंही खरं बोलताहेत.

रंगाचं त्याहून मजेशीर. दहा बाय बाराची खोली म्हणजे जमीन १२० चौरस फूट. उंची दहा फूट धरली तर चार भिंती ४४० आणि छत १२०, मिळून ५६०. दारं-खिडक्या वजा केल्या तरी जमिनीच्या चौपटीहून जास्त. आमच्या एका शेजाऱ्यांनी रंगाऱ्याचा दर फ्लॅटच्या क्षेत्रफळानं गुणला आणि हिशेब लावून मोकळे झाले. बिल आल्यावर रंगाऱ्याशी जे भांडण झालं ते आम्ही तिसऱ्या मजल्यावर ऐकलं.

सुताराच्या कोटेशनमध्ये तर मोजमापाच्या निरनिराळ्या भाषा एकाच कागदावर नांदतात. कपाट दर्शनी चौरस फुटानं, ओटा रनिंग फुटानं, पलंग नगावर, आणि उरलेलं सगळं 'ठोक'. सात बाय सातचं कपाट म्हणजे ४९ चौरस फूट. त्यावरचा माळा सात बाय दोन, म्हणजे आणखी १४. हा माळा दरात आहे की वेगळा? आतून लॅमिनेट लावणार की नुसता रंग? ड्रॉवरचे चॅनेल, बिजागऱ्या, कुलपं कुणाची? 'ब्रँडेड प्लाय' हे शब्द कोटेशनमध्ये असले की मला आता हसू येतं. प्लायवर आयएसआयच्या छापाबरोबर मानकाचा आकडा असतो: ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा, ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. सिंकच्या खाली आणि बाथरूमच्या दाराला लागून ७१०, बाकी बेडरूममध्ये ३०३ पुरतो. कोटेशनमध्ये हा आकडा आणि जाडी लिहून घेतली की निम्मे वाद संपतात. तीन कोटेशनं मागवावीत हे सगळेच सांगतात, पण तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव दिले तर त्यातलं सर्वांत कमी निवडण्याला काही अर्थ नाही. यादी आपण द्यायची, भाव त्यांनी भरायचे. ही यादी कोण करणार, तिथून डिझायनरची गरज सुरू होते. त्याकडे येतोच.

त्याआधी, न दिसणारे पैसे. जुन्या घरात पहिला खर्च पाइप, वॉटरप्रूफिंग आणि वायरिंगवर व्हायला हवा, आणि नेमका तिथेच हात आखडतो, कारण पाहुण्यांना तो दाखवता येत नाही. आलेला माणूस 'वा, काय फॉल्स सीलिंग केलंय' म्हणतो. 'वा, काय ब्रिकबॅट कोबा केलाय' असं कुणी म्हणत नाही. बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो, त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि मसाला घालून उतार दिलेला असतो, त्यावर फरशी. वरची फरशी फोडताना हा थर हलला की गळती नक्की, आणि ती आपल्याला दिसत नाही. खालच्यांच्या छताला दिसते. म्हणून वॉटरप्रूफिंग झालं की सगळी तोंडं बंद करून किमान दोन दिवस पाणी कोंडून ठेवायचं आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघायचं. आमचा ठेकेदार म्हणाला, "चोवीस तास बास झाले की." खालच्या काकांनी स्वतःच सांगितलं, "अठ्ठेचाळीस ठेव, मी बघतो." छत्तिसाव्या तासाला त्यांच्या पंख्याच्या हुकाशेजारी ओल दिसली. काम परत केलं, चार दिवस गेले. फरशी बसल्यानंतर ती ओल दिसली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी घरात कधी मोठ्यानं केलेला नाही.

वायरिंगचंही तसंच. १९९०च्या दशकातल्या घरात एसी क्वचित, इंडक्शन नाही, गीझर एक. आज दोन एसी, ओव्हन, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग. दिव्याला दीड चौरस मिलिमीटरची वायर, पॉवर पॉइंटला अडीच, एसी-गीझरला चार, एवढं पाठ असलं तरी वायरमनशी बोलताना आपली पत वाढते. मीटरवरचा मंजूर भार वाढवून घ्यायचा असेल तर अर्ज आधी टाकायचा, रंग झाल्यावर नाही.

मग ते खर्च, जे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतात: राडारोडा खाली उतरवणं आणि ब्रासच्या हिशेबानं टेम्पोतून नेणं (शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, एक बाथरूम फोडल्यावर किती निघतो ते पाहून डोळे पांढरे होतात), सोसायटीची परत मिळणारी आणि कधी कधी परत न मिळणारी अनामत, लिफ्टला लावायचे प्लायचे तुकडे, सामान ठेवायला खोली, दोन-तीन महिन्यांचं भाडं, शेवटची साफसफाई, आणि नवीन भिंतीपुढे जुने पडदे बरे दिसत नाहीत म्हणून घेतलेले पडदे. जुन्या घराला एकूण आकड्याच्या पंधरा टक्के आणि नव्याला दहा टक्के बाजूला ठेवावेत, असं मी सांगतो. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही. ते पैसे मात्र खरोखर वेगळ्या खात्यात ठेवायचे. ठेकेदाराला सांगितले तर कामात जातात, घरात सांगितले तर सोफ्यात.

जीएसटीबद्दल एक गैरसमज अलीकडे झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा अनेकांना वाटलं की आता घराचं काम बरंच स्वस्त होणार. इमारत बांधणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. फ्लॅटच्या कामात सिमेंटची पोती ती किती? खरा पैसा प्लाय, फरशी, फिटिंग आणि मजुरीत जातो, आणि त्यावर १८ टक्के आहेतच. तिथून पुढचं संभाषण सगळ्यांच्या ओळखीचं: "बिल पाहिजे का साहेब? नको असेल तर तेवढे कमी." मोह होतो. पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, तक्रार करायला कागद नाही, आणि पुढे घर विकताना कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा करायला पुरावा नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. ती सोय बिलाशिवाय जवळपास कागदावरच राहते.

आता डिझायनर.

आपल्याकडे 'आर्किटेक्ट' हे नाव लावायला १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. हा कायदा नावाला संरक्षण देतो, कामाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये सांगितलं. 'इंटिरियर डिझायनर' या नावाला तर कसलीच नोंदणी लागत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिरियर डिझायनर्स ही संस्थाही १९७२चीच, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक. म्हणजे जेजेतून पाच वर्षं शिकून आलेली मुलगी, सहा महिन्यांचा डिप्लोमा केलेला मुलगा आणि लॅमिनेटचं दुकान चालवणारे भाऊ, तिघांच्याही कार्डावर एकच पद छापता येतं. यातले भाऊ कधी कधी सगळ्यात उपयोगी असतात, हेही खरं. पण फीची तुलना करताना आपण कशाची तुलना करतोय ते माहीत असावं.

फी घ्यायच्या रीती साधारण चार. पहिली टक्केवारीची. कौन्सिलच्या जुन्या दरपत्रकात इंटिरियरसाठी कामाच्या किमतीच्या साडेसात टक्के सुचवले होते. बाजारात आठपासून पंधरापर्यंत ऐकू येतात. टक्केवारीतली अडचण साधी आहे. बारा लाखांच्या कामावर दहा टक्के म्हणजे १,२०,०००, जीएसटी धरून १,४१,६००. तेच काम पंधरा लाखांवर गेलं तर मूळ फी दीड लाख होते. म्हणजे आपलं बजेट कोसळलं त्याबद्दल डिझायनरला तीस हजारांचं बक्षीस. बहुतेक डिझायनर असा विचार करत नाहीत, हे मी मानतो. पण इटालियन मार्बल की मोरबीची टाइल, असा प्रश्न आला तेव्हा त्याच्या खिशाचा आणि आपल्या खिशाचा कल उलट दिशांना असतो, ही वस्तुस्थिती राहते.

दुसरी रीत चौरस फुटाची. ती समजायला सोपी, आणि वर सांगितलेला कार्पेटचा घोळ मिटवला की बरीही. तिसरी ठोक रक्कम. चौथी, आणि हल्ली सर्वांत जास्त दिसणारी, 'फी नाही'. डिझाइन मोफत, काम आमच्याकडूनच करून घ्या. याला टर्नकी म्हणतात. घर रिकामं आहे, मालक दुसऱ्या शहरात आहे, रोज लक्ष घालायला कुणी नाही, अशा वेळी टर्नकी सोयीचं पडतं. माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण ज्या डिझाइनचे पैसे आपण दिले नाहीत ते डिझाइन आपलं नसतं. नकाशा दुसऱ्या ठेकेदाराला दाखवून भाव काढता येत नाही. आणि जो काम करतो त्याच्यावर देखरेख करायची, ती त्यानं स्वतःच.

याच्याच पोटात कमिशन येतं. दुकानदार डिझायनरला, ठेकेदाराला, कधी सुताराला टक्केवारी देतो. पुण्यात बोहरी आळीपासून तपकीर गल्लीपर्यंत आणि मुंबईत लोहार चाळीत हे गुपित नाही. त्याला बाजारात 'कट' म्हणतात आणि कुणी लाजत नाही. समजा आठ लाखांचं सामान आलं आणि दहा टक्के कट असला तर ८०,००० रुपये. ते आपल्याच बिलातून गेले, फक्त आपल्याला पावती मिळाली नाही. मला यातली अनीती तेवढी सतावत नाही. निवड बिघडते, ती सतावते. ज्या दुकानात कट जास्त त्या दुकानाची टाइल 'तुमच्या घराला शोभून दिसते'. यावर उपाय भांडणाचा नाही. पहिल्याच बैठकीत सरळ विचारायचं: "सामानाचे पैसे आम्ही दुकानाला थेट देऊ, मिळेल ती सूट आम्हाला द्या, तुमची फी त्या हिशेबानं सांगा." जो डिझायनर यावर खुशीनं आकडा सांगतो त्याच्याशी पुढे बोलावं.

आम्ही शेवटी जिच्याकडून काम करून घेतलं तिनं ठोक रक्कम सांगितली, चार टप्प्यांत, आणि सोबत एक कागद. त्यावर ती काय काय देणार ते लिहिलं होतं: फर्निचर लेआउट दोन पर्याय आणि दोन दुरुस्त्या, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचे नकाशे, फरशी कुठून सुरू करायची त्याचं रेखाचित्र, प्रत्येक कपाटाचं आतलं मोजमाप, सामानाची यादी, आणि साइटवर आठ भेटी. नवव्या भेटीपासून वेगळा दर. मला तो कागद तेव्हा जरा कोरडा वाटला. काम संपल्यावर वाटलं, पूर्ण व्यवहारात एवढा सरळ कागद तोच एक होता. 'भेट' म्हणजे काय, हे ज्यांनी ठरवून घेतलं नाही त्यांची गाऱ्हाणी मी नंतर ऐकली. त्यांना वाटत होतं डिझायनर रोज येणार, डिझायनरला वाटत होतं ठेकेदारानं बोलावलं की जायचं, आणि ठेकेदाराला वाटत होतं दोघंही न आलेले बरे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मराठी मध्यमवर्गाला कागदाचे पैसे द्यायचं जिवावर येतं. लग्नात फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देताना आपण कुरकुरत नाही. पण नकाशा म्हटला की 'नुसत्या रेघांचे एवढे?' तिघा डिझायनरांकडून फुकट लेआउट काढून घ्यायचे, त्यातला बरा सुताराला द्यायचा आणि 'असंच कर' म्हणायचं, हे आपल्याकडे हुशारी समजलं जातं. भाचीची मैत्रीण आर्किटेक्ट असली तर तिनं रविवारी येऊन 'जरा बघून' जायचं असतं, चहापोहे हीच फी. या वागण्याचा परिणाम म्हणूनच फी लपली, कटात गेली. उघड फी दिली नाही की माणूस ती दुसऱ्या खिशातून काढणारच.

माझा कौल ठोक फीला आहे, टप्प्याटप्प्यानं, पहिला मोठा टप्पा नकाशे पूर्ण झाल्यावर आणि हातोडा पडण्याआधी. आणि नकाशे पूर्ण झाले की तिथेच थांबायची मुभा दोघांनाही असावी. नुसता रंग, फरशी, खिडक्या एवढंच काम असेल तर डिझायनर नकोच; चांगला ठेकेदार आणि घरातलं एक चिकट माणूस पुरतं. स्वयंपाकघर किंवा बाथरूम हलणार असेल, भिंत पडणार असेल, तर मात्र डिझायनर हवा.

भिंत पडणार असेल तर डिझायनरच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनियर हवा. हा वेगळा माणूस, वेगळी फी, आणि डिझायनरच्या पॅकेजमध्ये तो बहुतेक वेळा नसतो. २५ जुलै २०१७ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही इमारत कोसळली, सतरा माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर काही महिने सगळ्या सोसायट्या जाग्या झाल्या, मग पुन्हा 'एवढी एक भिंत काढली तर काय होतं' सुरू झालं. आपली इमारत लोडबेअरिंग आहे की आरसीसी, हे कित्येकांना तिथे वीस वर्षं राहूनही माहीत नसतं. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी आणि पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं, असं सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. काम काढण्याआधी सोसायटीच्या कपाटातून तो अहवाल मागून घ्यावा. असलाच तर.

परवानगीची गोष्ट त्यामानानं सोपी. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३४२ स्पष्ट आहे: गिलावा, रंग, फरशी, नळ, ड्रेनेजचे पाइप, विजेची जोडणी बदलणं ही साधी दुरुस्ती, भार घेणारा भाग काढणं, उंची-लांबी बदलणं, पोटमाळा वाढवणं हे त्यात बसत नाही. महापालिकेची परवानगी लागत नसली तरी सोसायटीचं लेखी पत्र लागतंच. त्या पत्रात कामाच्या वेळा असतात, बहुधा सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोक नाही, रविवारी बंद. वेळापत्रक करताना हे कुणी धरत नाही. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे सहा तास. ठेकेदार 'साठ दिवस' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यातले दिवस वेगळे असतात आणि आपल्या कॅलेंडरवरचे वेगळे. नवं घर असेल तर आणखी एक. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. आपणच बाथरूम फोडलं तर तो हात वर करायला मोकळा.

वेळेच्या बाबतीत महाराष्ट्रात दोनच मुदती चालतात: 'गणपतीच्या आत' आणि 'दिवाळीच्या आत'. सगळ्यांची मुदत एकच असल्यामुळे भाद्रपदापासून आश्विनापर्यंत एकही चांगला रंगारी मोकळा नसतो. आणि रंग पावसाळ्यात लावायचा म्हणजे पुट्टी वाळता वाळत नाही, लाकूड फुगतं, पॉलिशवर पांढरट झाक येते. नदीतला वाळूउपसा पावसाळ्यात बंद असतो, त्यामुळे भाव आधीच चढलेला. मग दिवाळीला सुतार राजस्थानला जातो, छठला बिहारचा मिस्त्री, होळीला सगळेच, आणि तो 'आठ दिवसांत येतो' म्हणून गेलेला माणूस आठ दिवसांत येत नाही, कारण गावी त्याच्याही घराचं काम निघालेलं असतं. मला विचाराल तर दिवाळी संपून मजूर परतले की, मार्गशीर्षाच्या सुमारास फोडाफोड सुरू करावी, होळीच्या आत ओलं काम आणि सुतारकाम उरकावं, आणि रंग उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत. पितृपक्षात काम सुरू करायला लोक कचरतात. ज्याला त्याचं काही वाटत नाही त्यानं तेव्हा मिस्त्री गाठावा, मोकळा सापडतो.

काही गोष्टी पैशानं लवकर होत नाहीत, हे स्वीकारायला आम्हाला वेळ लागला. गिलाव्याला पाणी मारावंच लागतं, आठवडाभर. तो वाळल्याशिवाय पुट्टी नाही, पुट्टी वाळल्याशिवाय प्रायमर नाही. फरशी बसली की सुतार येतो आणि तीवर लाकूड कापतो, म्हणून ती झाकायची. सुतार गेल्यावर रंगारी, रंगाऱ्यानंतर दिव्यांची फिटिंग, आणि फिटिंगवाला भिंतीला हात लावतो म्हणून रंगारी पुन्हा एकदा. हा क्रम एका जागी अडला की मागचे सगळे दुसऱ्या साइटवर जातात आणि मग त्यांना परत आणायला फोन करत बसावं लागतं. आमचं काम दोन दिवस नव्हे, पंधरा दिवस अडलं ते एका निर्णयामुळे: स्वयंपाकघरातली टाइल कोणती. दुकानात ठरवू म्हणून ठेवलं होतं. दुकानात गेलो आणि घरात दोन पक्ष पडले.

परदेशातून काम करून घेणाऱ्यांचं दुःख निराळं. डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीत मुलगा येतो, आईवडिलांच्या फ्लॅटचं काम काढून देतो आणि पुढचे तीन महिने न्यू जर्सीतून व्हॉट्सअॅपवर फोटो बघत 'स्विच दोन इंच खाली घ्या' सांगतो. धूळ आईवडील खातात. त्यांना त्या काळात दुसरीकडे राहायला जागा घेऊन देणं, हा त्या कामातला पहिला खर्च असायला हवा.

ठेकेदाराला पैसे देण्याबद्दल एकच नियम पाळला तरी पुरे: पैसे कामाच्या मागे राहावेत, पुढे जाऊ नयेत. उचल द्यावी लागते, त्यानं माणसं लावलेली असतात. पण दर शनिवारी झालेलं काम मोजून. उक्तं काम दिलं असेल तर कोणत्या टप्प्याला किती, हे आधी लिहून. आणि शेवटचे पाच टक्के सगळ्या बारीकसारीक तक्रारी निस्तरेपर्यंत, शक्य तर एक पावसाळा जाईपर्यंत, आपल्याकडे. कर्ज काढणार असाल तर जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळत आली आहे. ती गृहीत धरून हिशेब करण्याइतकी मोठी नाही.

आम्हाला आठ आठवडे सांगितले होते, तेरा लागले. खर्च ठरल्यापेक्षा सोळा टक्क्यांनी जास्त झाला, आणि त्यातला मोठा भाग त्या पहिल्या दुपारच्या पाइपचा आणि दुसऱ्यांदा केलेल्या वॉटरप्रूफिंगचा. डिझायनरची फी ठरली होती तेवढीच राहिली. तिनं शेवटी सांगितलेल्या दोन गोष्टी ठेकेदारानं सांगितल्या नव्हत्या. भिंतीतल्या झिऱ्या बुजवण्याआधी पाइप आणि वायरींचे फोटो टेप धरून काढून ठेवा. आणि फरशीची एक पेटी जास्त घ्या, त्याच लॉटची. आमच्या पलंगाखाली चार फरश्या आहेत. तो नंबर आता बाजारात मिळत नाही.